एका इंचाचा प्रक्षेप

चाक या वस्तूविषयी भाषेला आदर पुष्कळ आहे; कुतूहल मात्र बेताचेच. कालचक्र, धर्मचक्र, भवचक्र, संसाराचा रथ ही सारी शब्दसृष्टी चाकाच्या फिरण्यावर उभी आहे. परंतु ते चाक किती रुंद होते, त्याची धाव कोणी बसविली आणि झिजल्यावर ती कोणी बदलली, याची विचारपूस काव्याने क्वचितच केली. रुंदी हा जणू सुताराचा, लोहाराचा आणि गाडीवानाचा खासगी विषय. वस्तुतः वर्तुळामुळे चाक फिरते आणि रुंदीमुळे ते जमीन धरून राहते. फिरणे सर्वांना दिसते, धरून राहणे कोणाला दिसत नाही. जमिनीवरची पकड सुटते तेव्हाच ते लक्षात येते.

ज्या गृहस्थाची ही हकिगत आहे, तो रुंदीच्या प्रश्नाने दोन वर्षे अस्वस्थ होता. प्रश्न अवघ्या एका इंचाचा होता.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या वायव्येस, पाँटिॲक नावाचे गाव आहे. ओटावा जमातीच्या ज्या नायकाने १७६३ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलून डेट्रॉइटच्या किल्ल्याला वेढा दिला, त्याचे नाव या गावाला मिळाले आणि गावाचे नाव पुढे मोटारींना. या गृहस्थाचे वडील तेथील कारखान्यात मोटारींच्या जोडणीच्या रांगेवर कामाला होते. १९६८ सालच्या वसंतात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटी एकदाच कोरी करकरीत गाडी विकत घेतली. ती होती पाँटिॲक जीटीओ. रंग व्हर्डोरो ग्रीन, म्हणजे उन्हात सोनेरी झाक मारणारा गर्द हिरवा. तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. आता तो स्वतः आजोबा झाला आहे. वडील गेले, कारखान्यातली ती रांग थांबली, आणि एप्रिल २००९ मध्ये जनरल मोटर्सने पाँटिॲक हे नावच बंद करण्याचे जाहीर केले. राहिली ती गाडी आणि तिची पाच चाके. चार रस्त्यावर आणि एक डिकीत.

*

पुढचे नीट कळावे म्हणून ही गाडी कोणत्या जातीची, हे सांगितले पाहिजे. जनरल मोटर्सने १९६३ च्या प्रारंभी आपल्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास सांगितले होते. शिवाय मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांहून मोठे एंजिन घालू नये, असा कंपनीचा दंडक होता. पाँटिॲकचा मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी यांनी या दंडकातली फट हेरली. टेम्पेस्ट या साध्या, घरगुती गाडीच्या सांगाड्यात त्यांनी ३८९ घन इंचांचे मोठे एंजिन बसविले. मात्र ‘नवी गाडी’ असे न म्हणता ग्राहकाने हवे असल्यास मागून घ्यावयाचे जादा साहित्य म्हणून ते विकावयास काढले. नाव दिले जीटीओ, आणि तेही फेरारीच्या एका शर्यतीच्या गाडीवरून उचललेले. या तीन अक्षरांतील शेवटच्या इटालियन शब्दाचा अर्थ ‘शर्यतीसाठी प्रमाणित’ असा होतो. या गाडीला असे प्रमाणपत्र कोणी कधी दिले नव्हते. १९६४ च्या पहिल्याच हंगामात अशा ३२,४५० गाड्या खपल्या. पुढे ज्यांना ‘मसल कार’ म्हणू लागले, त्या साऱ्या दांडगट गोतावळ्याचा आरंभ बहुतेक जाणकार येथूनच धरतात.

तात्पर्य हे, की आज जिचे ‘मूळ रूप’ राखण्यासाठी माणसे हळवी होतात, ती गाडी मुळातच एका परक्या सांगाड्यात केलेली भर होती. हे ज्ञान मात्र त्या गृहस्थाला फार उशिरा उपयोगी पडले.

१९६८ च्या नमुन्यात एंजिन ४०० घन इंचांचे झाले होते आणि त्याची शक्ती ३५० अश्वशक्ती सांगितली जाई. पाँटिॲकच्या गाड्यांना एक वर्ष अगोदरपासून ‘रॅली टू’ नावाची पोलादी चाके मिळू लागली होती. पाच रुंद आरे, त्यांच्यामधल्या खळग्यांत काळपट रंग, आऱ्यांवर रुपेरी रंग, मध्यभागी तांबड्या झाकणावर पीएमडी ही तीन अक्षरे. दिसायला ही चाके ओतीव वाटतात. पण ती दाबून घडविलेल्या पत्र्याची आहेत. वळवून सांधलेल्या पट्टीची गोल कड, तिच्या आत दाबून घडविलेली तबकडी, आणि दोहोंना जोडणारा सांधा, अशी त्यांची साधी रचना. हवेच्या नळीसाठी ठेवलेल्या छिद्राजवळ काही बारीक अक्षरे आणि अंक ठोकलेले असतात. जाणणाऱ्याला त्यांवरून चाक कोणत्या जातीचे आणि कोणत्या वर्षी, महिन्यात, दिवशी घडविले ते वाचता येते. या पाचही चाकांवरचे अंक १९६८ च्या मार्चमधले होते. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखकाने तिथी-वार लिहून ठेवावा, तसे ते अंक त्या गृहस्थाला वाटत. वडिलांच्या गाडीची चाके वडिलांच्या गाडीचीच आहेत याचा तो पुरावा होता.

या चाकांचा व्यास १४ इंच, आणि रुंदी ६ इंच.

*

साडेतीनशे अश्वशक्ती आणि सहा इंच हे गणित त्या काळीही तरुणांना पटत नव्हते. डेट्रॉइटपासून पाँटिॲकपर्यंत जाणारा वुडवर्ड हा हमरस्ता प्रसिद्ध आहे. त्याच्याच एका मैलावर १९०९ साली सिमेंट काँक्रीटचा रस्ता करण्यात आला होता. साठीच्या दशकात त्या रस्त्यावर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती चालत. कित्येक गाड्या दुकानातून घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कारखान्याची चाके उतरवून रुंद चाकांवर चढत. अशा गाड्यांना आजही तिकडचे शौकीन ‘दुसऱ्या दिवसाची गाडी’ म्हणतात. म्हणजे ज्या रूपाला आज ‘मूळ’ म्हणावयाचे, ते काही गाड्यांनी जेमतेम एक दिवस अंगावर वागविले.

१९७४ साली सतरा वर्षांच्या मुलाने वडिलांजवळ हाच हट्ट धरला होता. वडिलांनी हातातले फडके खाली न ठेवता म्हटले होते, “ज्यांनी सहा इंच ठरविले, त्यांना आठ माहीत नव्हते असे वाटते का तुला? चाकांना हात लावायचा नाही.” विषय तेथेच संपला. त्या वाक्याला मुलाने पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे आज्ञा मानले. वडिलांच्या पश्चात गाडी त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने रंग दिला, आसनांचे कापड बदलले, ब्रेक दुरुस्त केले. चाकांना मात्र स्वच्छ करण्यापलीकडे हात लावला नाही. टायर तेवढे नव्या पद्धतीचे, रेडियल, घातले आणि त्याने बराच फरक पडला.

मग २०१७ सालच्या ऑक्टोबरातली एक संध्याकाळ आली. रस्ता कोरडा होता, वेग बेताचा होता, मागच्या आसनावर सात वर्षांची नात होती. वळणावर झाडीतून एक हरीण आडवे आले. त्याने गाडी झटकन डावीकडे घेतली, पुन्हा उजवीकडे आणली, आणि त्या दुसऱ्या झटक्याला गाडीचा मागचा भाग सुटला. गाडी अर्धी फिरून समोरच्या बाजूला, उलट तोंडाने उभी राहिली. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हते, एवढेच. हरीण निघून गेले. नातीला वाटले, आजोबांनी हे मुद्दाम केले, तिने विचारले, “पुन्हा करता?”

त्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. पुढचे कित्येक महिने गाडी गॅरेजबाहेर निघाली नाही.

*

उभ्या गाडीजवळ बसून तो विचार करी तेव्हा त्याला तीन वाटा दिसत. पहिली वाट अशी की काहीच बदलू नये. गाडी झाकून ठेवावी, वर्षातून दोनदा बाहेर काढावी, हळू चालवावी आणि नातवंडांना तीत बसवू नये. दुसरी वाट सोपी आणि स्वस्त होती. ‘रॅली टू’ची हुबेहूब नक्कल केलेली, रुंद, नवी चाके बाजारात मिळतात, ती घालावी आणि वडिलांची चाके भिंतीला टांगून ठेवावी. तिसरी वाट म्हणजे मूळ चाकेच कापून रुंद करणे.

शहाण्या माणसांनी त्याला दुसरी वाट सुचविली, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. मूळ चाके सुरक्षित, गाडीही सुरक्षित. त्याने एका मित्राची तशी चाके मागून आणून आठवडाभर लावूनही पाहिली. गाडी उत्तम चालली. पण गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवलेली ती पाच चाके त्याला पाहवेनात. वापरातून काढलेली वस्तू जपली जाते, हे खरे. परंतु ती ज्या कामासाठी जन्मली ते काम तिच्याकडून काढून घेऊन जपली जाते. आणि पहिल्या वाटेने तर सबंध गाडीचेच भिंतीवरचे चित्र होणार होते. जपणे आणि वापरणे यांतला हा झगडा जुन्या वाड्यांत, जुन्या वाद्यांत, जुन्या ग्रंथांत सर्वत्र आहे. देवळातली मूर्ती पूजेत असली की झिजते आणि संग्रहालयात ठेवली की टिकते. कोणती स्थिती तिच्याशी अधिक इमान राखणारी, याचा निकाल काचेच्या पेटीकडे पाहून लागत नाही.

तिसऱ्या वाटेत मात्र एक धाक होता. कापलेले पोलाद पुन्हा न कापलेले होत नाही. शौकिनांच्या प्रदर्शनांत परीक्षक गुडघ्यावर बसून अंक वाचतात. अशा चाकांचे गुण ते कापणार हे उघड होते. त्याचे त्याला दुःख नव्हते. दुःख होते ते १९७४ सालच्या त्या वाक्याचे.

*

ज्या कारागिराकडे तो अखेर गेला, त्याचे दुकान म्हणजे एक लेथ, एक वेल्डिंगचे यंत्र आणि भिंतीभर कड्या. कारागीर वयाने याच्याच बरोबरीचा आणि थोडा तुसडा होता. त्याने पहिल्यांदा काय केले, तर गिऱ्हाइकाची हौस तपासली.

“रुंद टायरने रबर जास्त टेकते, अशी तुमची समजूत असेल, तर ती काढून टाका,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. साडेतीन हजार पौंडांच्या गाडीचा भार चार चाकांवर वाटला, तर एकेका चाकाच्या वाट्याला पावणेनऊशे पौंड येतात. टायरमध्ये दर चौरस इंचाला तीस पौंड दाबाची हवा असेल तर जमिनीवरचा ठसा सुमारे तीस चौरस इंचांचाच पडतो. म्हणजे बोटे पसरलेल्या तळहातापेक्षा तो फारसा मोठा नसतो. गाडी त्या चार तळहातांवर चालते. टायर रुंद केल्याने या ठशाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आखूड आणि आडवा होतो, आणि वळणावर बाजूने येणारा रेटा तो अधिक चांगला झेलतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट कडेची. अरुंद रिमवर रुंद टायर चढविले की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात, पोट फुगते, आणि झटका बसला की ते फुगलेले पोट डुलते. हरणाच्या त्या संध्याकाळी दुसऱ्या झटक्याला गाडी सुटली, तीत या डुलण्याचा वाटा होता. रिम रुंद असली की टायरच्या बाजू उभ्या, ताठ राहतात. म्हणून सहाची सात इंच रिम केली आणि तिच्यावर तिला शोभणारे टायर चढविले, तर गाडी स्टिअरिंगचे ऐकते. “साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर आधी तरंगते,” कारागिराने बजावले. “पावसात म्हातारपण आठवायचे.”

मग त्याने चाक पालथे घालून मागच्या कडेवर आडवी पट्टी ठेवली आणि तबकडी जेथे गाडीला टेकते तेथपर्यंतचे अंतर मोजले. या अंतराला ते लोक बॅकस्पेसिंग म्हणतात, आणि सारे कसब त्यातच आहे. इंच बाहेरच्या बाजूने वाढविला तर चाकाचा चेहरा बदलतो, आरे खोल गेल्यासारखे दिसतात आणि टायर मडगार्डला घासू लागते. आतल्या बाजूने वाढविला तर समोरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. परंतु आत स्प्रिंग, चासी आणि पुढच्या चाकांपाशी स्टिअरिंगचे दांडे असतात, त्यांच्यापासूनचे अंतर इंचाने घटते. त्याने गाडी वर उचलून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, मागच्या बाजूला वजन टाकून पुन्हा पुन्हा मोजले. शेवटी म्हणाला, “एक इंच आत बसेल. सव्वा नाही.”

काम असे असते. चाक लेथवर धरतात आणि रिमचा आतला भाग, मधली खोलगट जागा आणि आतली कड यांच्या दरम्यान, सबंध वर्तुळभर कापतात. त्या फटीत मापाने वळविलेली इंचभर रुंदीची पोलादी पट्टी बसवितात. प्रथम समोरासमोर थोडे थोडे टाके घालतात, कारण एकाच बाजूने सांधत गेले तर उष्णतेने पोलाद ओढले जाते आणि चाक वाकडे होते. मग तुकड्या-तुकड्याने वेल्डिंग पुरे करतात. त्यानंतर डायल गेज लावून चाक हळूहळू फिरवितात आणि त्याचे डुलणे इंचाच्या हजारांशांत मोजतात. शेवटी टायर चढवून हवा भरतात आणि सांध्यावर साबणाचे पाणी फिरवितात. आत ट्यूब नसल्यामुळे सुईच्या अग्राएवढे छिद्रही चालत नाही. अशा प्रत्येक चाकात सुमारे दीड पौंड पोलाद नवे येते. जुन्यातले, करवतीच्या किसाखेरीज, काहीही जात नाही.

धोका कोठे आहे हे कारागिराने लपविले नाही. टायरवरचे चाक मैलाला सुमारे आठशे फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्याला त्याचा प्रत्येक भाग एकदा भाराखाली येतो आणि एकदा सुटतो. पोलाद एकदा ओढल्याने तुटत नाही, पण लक्षावधी वेळा थोडे थोडे वाकविल्याने तुटू शकते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस असेच अकस्मात तुटत, आणि त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर याने या धातूच्या थकव्याचे शास्त्र उभे केले. म्हणून सांधा घालणाऱ्याचा हात, हाच काय तो अखेर गाडीत बसणाऱ्यांचा विमा. ज्याला हे काम येत नाही त्याने ते करू नये, आणि ज्याला येते त्यानेही प्रत्येक चाक करू नये.

*

हे शेवटचे वाक्य कारागिराने सहज म्हटले नव्हते. रंग काढण्यासाठी पाचही चाकांवर वाळूचा मारा केल्यावर त्याने गृहस्थाला बोलावून घेतले. एक चाक त्याने बाजूला ठेवले होते. त्याच्या आतल्या कडेवर, वीतभर लांबीत, पोलादाचा पोत निराळा दिसत होता. हातोडीचे बारीक चेचे होते आणि त्यांच्यामध्ये बोटभर लांबीची वेल्डची जुनी, ओबडधोबड रेघ.

“हे आधी कोणीतरी तापवून सरळ केले आहे. पोलाद एकदा आगीतून गेले आहे. हे मी कापणार नाही,” कारागीर म्हणाला.

“शक्य नाही. या चाकांना कोणी हात लावलेला नाही.”

“लावला आहे. हा पाहा हात.”

घरी येऊन त्याने वडिलांची वही काढली. गाडीत किती तेल घातले, टायर कधी फिरविले, बॅटरी कधी बदलली, हे सारे वडील तीत पेन्सिलीने लिहीत. वही त्याने अनेकदा चाळली होती, परंतु वाचली होती असे म्हणता येत नाही. १९७६ च्या मार्चच्या पानावर एक ओळ होती: मागचे डावे; खड्डा; कड वाकली; तापवून सरळ केली, टाका घातला; हवा धरते. तिच्यापुढे दुकानाचे नाव नव्हते आणि खर्चाचा आकडाही नव्हता. इतर प्रत्येक कामापुढे तो होता. याचा अर्थ एकच होऊ शकत होता.

चाकांना हात लावायचा नाही, असे म्हणणाऱ्या माणसाने दोन वर्षांनी स्वतः, बहुधा कारखान्यातल्याच कोणा मित्राची भट्टी वापरून, आपल्या हाताने ते चाक तापविले होते, ठोकले होते आणि सांधले होते. त्या वेळी नवे चाक सहज मिळत होते. मुलाने त्या ओळीकडे किती वेळ पाहिले हे सांगता येणार नाही. वडिलांनी आज्ञा मोडली, असे त्याला वाटले नाही. उलट आज्ञा नेमकी कोणती होती, हे त्याला प्रथमच कळले. हौसेसाठी हात लावायचा नाही. गाडी चालती राहावी म्हणून लावावा लागला तर लावायचा, आणि लावला हे लिहून ठेवायचे.

*

ग्रंथांच्या संपादनाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा विचार परका वाटू नये. मूळ संहितेत मागाहून घातलेल्या मजकुराला प्रक्षेप म्हणतात, आणि त्या शब्दाला सहसा दूषणाचा वास येतो. परंतु महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांनी प्रक्षिप्त ठरलेले श्लोक टाकून दिले नाहीत. संहितेबाहेर काढले, पण तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या पोथीत ते आढळतात याच्या नोंदीसह, जपून ठेवले. हा केवळ काटेकोरपणा नव्हता. ज्यांनी ते श्लोक घातले, त्यांनी महाभारत गाऊन, सांगून, वापरून जिवंत ठेवले होते, याची ती पोच होती. प्रक्षेप झाला म्हणून संहिता भ्रष्ट होत नाही. झालेला प्रक्षेप झालाच नाही असे भासविले, तर मात्र पुढच्या वाचकाची फसवणूक होते.

चाकातली इंचभर पट्टी हा अक्षरशः प्रक्षेप आहे. जुन्या दोन भागांमध्ये नवा भाग, आणि त्याच्या दोन्ही सीमांवर सांध्याची रेघ. मूळ कोठे संपते आणि भर कोठे सुरू होते, हे ती रेघ सांगते. काम पुरे झाल्यावर कारागिराने विचारले, “वरून दिसणाऱ्या रेघा घासून गुळगुळीत करू? रंगाखाली कोणाला कळणारही नाही.” गृहस्थाने नको म्हटले. ज्या बाजूला टायर बसते ती बाजू जशी हवी तशी करावी. मागची रेघ राहू द्यावी. तिच्याशेजारी साल ठोकावे असेही त्याच्या मनात होते. परंतु रिमवर ठशाचा घाव घालायला कारागीर तयार नव्हता. थकव्याची चीर अशाच घावातून सुरू होते, असे तो म्हणाला. तेव्हा साल वहीत गेले. वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी सोडून मुलाने शाईने लिहिले: २०१९, मे, चार चाके, आतून एक इंच रुंद केली, मागचे डावे न कापता डिकीत ठेवले, त्याच्या जागी डिकीतले घेतले.

पाच चाकांपैकी जे एक न कापलेले राहिले, ते अशा रीतीने वडिलांनी ठोकलेले निघाले. पूर्ण अस्पर्श असे त्या गाडीपाशी आता एकही चाक नाही. आणि पाहू गेले तर १९७६ पासून पाचांचा तो संच अस्पर्श नव्हताच.

*

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची यात्रा भरते. १९९५ पासून सुरू झालेल्या या यात्रेला दूरदूरचे शौकीन गाड्या घेऊन येतात आणि माणसे रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात. २०१९ च्या यात्रेत हिरवी जीटीओ आली होती. नात पुढच्या आसनावर बसण्याइतकी मोठी झाली नव्हती, म्हणून मागेच बसली होती. गाडी उभी असताना एक जाणकार गृहस्थ जवळ आले, चष्मा सावरून पुढच्या चाकावरचे अंक वाचू लागले आणि समाधानाने म्हणाले, “मार्च अडुसष्ट. सुंदर. अगदी मूळची आहेत.”

“मूळची आहेत,” मालक म्हणाला, “पण एक इंचाने रुंद केली आहेत.”

जाणकारांनी पुन्हा चाकाकडे पाहिले. चेहऱ्यावर काही फरक नव्हता. पाच आरे, काळपट खळगे, तांबडे झाकण, सारे जेथल्या तेथे होते. “दिसत तर नाही. मग सांगता कशाला?” त्यांनी विचारले.

मालकाने उत्तरादाखल गाडीतून एक जुने फडके काढले आणि त्यांना गुडघे टेकता यावेत म्हणून मागच्या चाकाशेजारी काँक्रीटवर पसरले. जाणकार क्षणभर घोटाळले. मग खाली बसले, मान वाकडी करून त्यांनी चाकाच्या मागे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. मागच्या खिडकीतून नातही डोके बाहेर काढून, ते काय पाहताहेत, ते पाहू लागली.